खोळीच्या आतलं

गणपती उठले आणि त्याच आठवड्यात एक पोरगा आमच्याकडे व्हॅक्यूम क्लिनरचा डेमो द्यायला आला. खरं तर त्याला बोलावलं होतं शेजारच्या काकूंनी, पण त्यांच्याकडे ऐनवेळी पाहुणे टपकले म्हणून त्यांनी त्याला आमच्याकडे वळवला आणि मग स्वतःही पाहुण्यांना घेऊन बघायला आल्या, फुकटची करमणूक. पोरगा विशीतला, ठाण्याच्या त्या चिकट उकाड्यात गळ्याला टाय, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात अवजड पेटी. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधी त्याला पंख्याखाली बसवून पाणी आणि शेंगदाण्याचा लाडू दिला. मग त्याने विचारलं मॅडम कुठून सुरू करू, मी म्हटलं कुठूनही कर बाबा, तर त्याने नेमकी सोफ्यावरची मरून उशी उचलली, आरसेकामाची, जिचं कव्हर मी गणपतीसाठी रिठ्याच्या पाण्यात हाताने धुऊन, उलटं करून इस्त्री केलं होतं. नळीच्या तोंडाशी त्याने एक काळं फडकं बसवलं, घुर्र घुर्र करत उशीवरून फिरवलं, अर्धा मिनिट असेल, आणि मग ते फडकं काढून सगळ्यांसमोर धरलं. काळ्यावर राखाडी गोल. "हे दिसतंय ना मॅडम," तो पाठ केलेल्या सुरात म्हणाला, "यातली निम्मी तुमच्याच घरातल्या माणसांची कातडी आहे." हॉलमधे कोणी काही बोलेना. मग आई म्हणाल्या, "मग काय शेजारच्यांची असणार का रे?" आणि सगळे हसले, काकू जरा जास्तच हसल्या, पोरगाही हसला, मशीनची किंमत ऐकून नवरा हसला, विषय संपला. पण त्या हसण्याच्या मधेच मी जे केलं ते मला नंतर टोचत राहिलं. कोणी काही विचारलेलं नसताना मी म्हटलं, "कव्हर धुतलेलं होतं हो," आणि उशी उलटी करून ठेवली.

कव्हर खरंच धुतलेलं होतं.

रात्री झोप येईना म्हणून मग आजकाल सगळेच करतात ते केलं, मोबाईल काढून वाचत बसले, तेही उशीवर डोकं ठेवूनच. निम्मी कातडी वगैरे त्याने पदरचं घातलं असणार, पण अगदीच थापही नव्हती. घरच्या धुळीत आपल्या अंगावरून झडलेली कातडी असतेच आणि त्यावर जगणारे ते माइट्स नावाचे जीवही असतात, मिलिमीटरचा तिसरा-चौथा हिस्सा, साध्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे. चावत नाहीत बिचारे. पाणीसुद्धा पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात ओढून घेतात, म्हणजे जून ते सप्टेंबर आमच्या ठाण्यात त्यांची दिवाळीच. घरातल्या धुळीने ज्यांना दमा होतो त्यांच्या दम्यामागे हे आहेत हे हॉलंडमधल्या लायडनच्या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात दाखवलं, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. पुढे वाचलं तर मँचेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी २००५ मधे माणसांनी वापरलेल्या १० उशा घेऊन तपासल्या होत्या, कोणी दीड वर्ष वापरलेली कोणी २० वर्षं, तर झाडून सगळ्यांत बुरशी, एकेका उशीत १० लाखांच्या वर बीजाणू. हे वाचल्यावर मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला इतकी वर्षं झोपलोय ना त्यांच्याबरोबर, आज एक दिवस अजून झोपू दे, आणि कूस बदलून घोरायला लागला. (जुन्या उशीचं अर्धं वजन किड्यांचं असतं असा एक मेसेज फिरत असतो, त्यावर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. घरात उशी उचलणारं माणूस मी आहे, मला कळलं असतं.)

दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर मी सोफ्यावरच्या उशांच्या चेनी उघडल्या. आता या सोफ्यावरच्या उशांचं काय असतं, आपण त्यांना उशा म्हणतो पण त्यावर झोपत कोणी नाही, त्या दिसायला असतात. त्यांची कव्हरं आमच्याकडे साड्यांइतकी आहेत. दिवाळीची ब्रोकेडची, उन्हाळ्यात खादीची, पाहुणे येणार असतील तर ती कलमकारी, पोरांची परीक्षा असली की कुठलीतरी मळखाऊ. तुळशीबागेतून आणलेली, प्रदर्शनातून आणलेली, नणंदेने दिलेली आणि कधीच न आवडलेली. सारखी बदलतो, सारखी धुतो. आणि आतलं भरण? ते फ्लॅट घेतला तेव्हापासून तेच. चेन उघडून हात घातला तर आत फायबरच्या गाठी झालेल्या, भिजवून विसरलेल्या पोह्यांच्या होतात तशा, कोपरे रिकामे आणि मधे गोळा. एका उशीत पेनाचं टोपण. आणि वास. घाण वास नाही, तसं म्हणता येणार नाही, पण आमच्या घराचा वास, जो आपल्याला स्वतःला कधी येत नाही तो, थोडा डोक्याच्या तेलाचा, थोडा फोडणीचा, थोडा ओल्या भिंतीचा. मला एकदम असं झालं की हा वास बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाला येत असणार आणि मी कव्हरं बदलत बसलेय.

माझं लहानपण कराडचं. आमच्याकडे पितृपक्ष सरत आला की दसरा काढायचा. ज्यांच्याकडे दसरा काढतात त्यांना काही सांगायला नको आणि ज्यांच्याकडे नाही काढत त्यांना कितीही सांगितलं तरी ते म्हणतात म्हणजे दिवाळीची साफसफाई ना. नाही हो. घट बसायच्या आत घरातला शेवटचा चिंधूक बाहेर काढून पाण्यातून काढायचा म्हणजे दसरा. गोधड्या, वाकळा, चादरी, सतरंज्या, तरट, पडदे, उशांच्या खोळी, सगळं बांधून कृष्णेवर न्यायचं, डोक्यावर बोचकी, कोणाची हातगाडी, कोणाच्या सायकलच्या दोन्ही बाजूंना लोंबतंय. आधी नदी बघून यायची, कोयनेतून पाणी सोडलं असलं की पाणी गढूळ आणि घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं, मग थांबायचं, पण घट काही थांबत नाहीत म्हणून बायकांचा जीव खालीवर. आणि मग एखाद्या दिवशी ऊन पडलं की सगळं गाव एकदम उलटायचं. धोपाटण्यांचा नुसता आवाज, एक थांबलं की दुसरं, आणि समोरच्या काठावर आदळून परत येणारा तिसराच. सोड्याने हात सोलून निघायचे. दोघी दोघींनी गोधडी पिळायची, एक इकडून एक तिकडून, पीळ देता देता ती मधे उभी राहायची आणि आम्ही पोरं त्याखालून पळायचो. मग दगडांवर, वाळूवर, झुडपांवर पसरायची, कोपऱ्यांवर धोंडे. संध्याकाळी घरी येताना त्या वाळलेल्या गोधडीचा वास, उन्हाचा आणि थोडा शेवाळाचा, ती अंगावर घेऊन त्या रात्री झोपलं की कशी लगेच झोप लागायची.

व्हॅक्यूमवाल्या पोराच्या त्या काळ्या फडक्याने मला नेमका तो घाट आठवला. कारण तिथे सगळ्यांच्या घरातलं सगळं उघड्यावर असायचं. कोणाच्या खोळीला तेलाचे केवढे डाग, कोणाच्या पोराने वर्षभर गादी ओली केलीय, कोणाच्या वाकळेला आतून कुठल्या लुगड्याचं ठिगळ, कोणाकडे ढेकूण झालेत, बायकांना एकमेकींच्या घराची बित्तंबातमी त्या धुण्यावरून लागायची. आणि मी कोणाला ते लपवताना पाहिलं नाही, उलट "अगं बघ की ह्या माणसाच्या डोक्याचं तेल, खोळ न्हवं तवा झालाय" असं म्हणत एकमेकींना दाखवायच्या, हसायच्या. मळ निघणं ही चांगली गोष्ट होती. जेवढं पाणी काळं तेवढं समाधान जास्त. माझ्या हॉलमधे तोच मळ निघाला तर मी उशी उलटी केली.

पण हे इतकं सोपंही नाही, लिहिता लिहिताच मला माझी आई आठवतेय. एका वर्षी दसरा काढायच्या दिवशी ती पहाटेच उठून, अंधारातच, एकच गोधडी घेऊन नदीवर गेली होती. मी मागे लागले तर मला परत पाठवलं. उजाडल्यावर सगळ्या निघाल्या तेव्हा ती परत त्यांच्याबरोबर उरलेलं बोचकं घेऊन, काही झालंच नाही अशी. ती आजोबांची गोधडी होती. त्यांचं शेवटचं वर्ष होतं ते, अंथरुणातच सगळं व्हायचं आणि ते स्वतः गावात मोठे शिस्तीचे मास्तर म्हणून ओळखले जायचे, त्यांच्या हाताखालून अर्धं कराड गेलेलं. आईने ती गोधडी गावाला दिसू दिली नाही. म्हणजे घाटावर हसून दाखवायचे डाग वेगळे होते आणि अंधारात धुवायचे वेगळे, आणि कुठला कुठे जाणार हे ठरवायचं काम बाईचं. उगाच म्हणायचं पूर्वी सगळं मोकळं होतं.

उशांचा आणि गाद्यांचा कापूस मात्र नदीवर जायचा नाही. खोळ उसवायची, कापूस अंगणात चटईवर पसरायचा, वर जुनी नऊवारी आणि चार दगड. मग पिंजारी यायचे. खांद्यावर पिंजण, तिची तात वाजवत यायचे, टंव टंव, तो आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की आजी म्हणायची आले बघ. आधी कापसाचं वजन व्हायचं. आजी ताणकाटा घेऊनच बसायची कारण पिंजून झाल्यावर कापूस वजनाला भरतो कमी आणि मग दरवर्षी तेच भांडण, ती म्हणायची एवढी तूट कशी, ते म्हणायचे आजी ती धूळ आहे, तुमच्याच घरची, मी काय खिशात घालून नेतोय. (बघा, तुमच्याच घरची. त्या डेमोवाल्या पोराचं वाक्य नवीन नव्हतंच.) मग ते बसायचे, मुठीतल्या लाकडाने तातेवर ठोका, तात कापसात शिरून थरथरायची आणि वर्षभर दबलेला, तेलकट, काळपट गठ्ठा आमच्या डोळ्यांसमोर उमलायचा, चटईवर मावेनासा व्हायचा, आणि खाली बुडाला उरायची वाटीभर काळी माती, सरकीचे तुकडे, केस, एखादं बटण. पोरांना जवळ यायची बंदी. पिंजाऱ्यांच्या भुवया, पापण्या, दाढी पांढरी झालेली, तोंडाला उपरणं. संध्याकाळी आजी दाभणाने खोळ शिवायची आणि नवी पिंजलेली उशी इतकी गच्च की डोकं घसरायचं. आम्हाला फार मजा. त्यांचा खोकला मात्र मला अजून ऐकू येतो, ते चहा घ्यायला थांबले की सुरू व्हायचा आणि थांबायचाच नाही, आणि आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. गिरणीत कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या छातीला जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात हे मी फार उशिरा वाचलं. आमच्या उशीतून जी धूळ निघायची ती कुठेतरी जायचीच की. काही नदीत, काही त्यांच्या छातीत.

चिपळूणला आजोळी वेगळीच तऱ्हा. तिथे उशा सावरीच्या. फाल्गुनात काटेसावर लालभडक फुलते ती कुंभार्ली घाटातून जाताना सगळ्यांनी पाहिली असेल, पण तिची बोंडं वैशाखात उकलतात तेव्हा कोणी फोटो काढत नाही. मामा ती उकलायच्या थोडं आधीच पाडायचा, नाहीतर सगळा कापूस वाऱ्यावर. घरात खिडक्या बंद करून, पंखा बंद, घामाघूम होत बिया वेगळ्या करायच्या, कारण जरा हवा लागली की तो कापूस छपराला. हा कापूस कातता येत नाही, तंतू गुळगुळीत मेणचट आणि आतून पोकळ, पीळ धरतच नाही. याचा जो पांढऱ्या सावरीचा भाऊ, कपोक म्हणतात तो, तो पाणी धरत नाही आणि तरंगतो म्हणून पूर्वी बोटीवरच्या लाइफ जॅकेटात भरायचे. आमच्या आजोळी तो फक्त डोक्याखाली. सावरीची उशी हलकी, गार, आणि धुवायचा प्रश्नच नाही, ऊन द्यायचं, दोन्ही हातांनी थापटायचं आणि परत आत. आजी म्हणायची ऊन हाच साबण. बाळंतिणीच्या खोलीत बाळाला मोहरीची उशी, छोटीशी, डोकं गोल व्हावं म्हणून, ती पण रोज उन्हात. एका वर्षी मोहरीला कीड लागली तेव्हा केवढा गोंधळ.

आता मी ठाण्यात सातव्या मजल्यावर. आमच्याकडे ऊन येतं ते सकाळी बाल्कनीच्या एका पट्ट्यात आणि दुपारी समोरच्या टॉवरच्या काचेवरून उसनं. गच्चीला कुलूप. लिफ्टशेजारी नोटीस की टेरेसवर कपडे, अंथरुणं, पापड, मिरच्या काही वाळत घालू नये, बिल्डिंगचा लूक जातो म्हणे. मग उशा धुवायच्या तर कशा, त्यासाठी मी जे जे वाचलं आणि केलं ते सांगते, कारण मला ते कोणी नीट सांगितलं नव्हतं. फायबरची उशी खुशाल मशीनमधे जाते, फक्त एकटी नाही, दोन बरोबर टाकायच्या म्हणजे ड्रम एकीकडे कलत नाही, लिक्विड साबण निम्माच आणि पाण्याचा एक फेरा जास्त, नाहीतर साबण आतच राहतो आणि वाळल्यावर उशी कडक. कोमट पाण्यात माइट्सची घाण वाहून जाते पण ते स्वतः बरेचसे तगून राहतात, ६० अंशांच्या पाण्यात मरतात, म्हणून लेबल चालू देत असेल तर ६०. आणि वाळवणं हाच खरा खेळ. वरून सुकी लागते, हाताला कोरडी, आणि आत मधोमध ओल, ती तशीच कव्हरात घातली की बुरशीला आपणच घर बांधून दिलं. चेन उघडून आत हात घालून गाठी मोडायच्या, परत उलटायची, परत गाठी मोडायच्या. कापसाची मात्र चुकूनही भिजवू नये. भिजलेला कापूस बसतो तो बसतोच.

फोमची गंमत अजून वेगळी. सोफ्याच्या बैठकीचे जे चौकोनी तुकडे असतात ते मशीनमधे टाकले तर चिंध्या होऊन बाहेर येतात. ते बाथटबात नाहीतर आमच्यासारख्यांच्या मोठ्या घमेल्यात बुडवून, पिळायचे नाहीत, नुसते दाबायचे, दाबून सोडायचे, फेस येतो, काळं पाणी येतं, मग परत. आणि उन्हात ठेवायचे नाहीत. इथे माझं डोकं चालेना. आयुष्यभर ऐकलं की ऊन हाच साबण आणि हा फोम, पॉलियुरेथेन, १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्याच्या माणसांनी ज्या रसायनापासून सुरुवात केली त्याचाच वंशज, तो उन्हाने पिवळा पडतो आणि पुढे त्याचा भुगा व्हायला लागतो. म्हणजे सावलीत, वाऱ्यावर. नवऱ्याच्या मानेच्या दुखण्यासाठी आणलेली मेमरी फोमची उशी तर त्याहून नाजूक, ती मुळात १९६६ मधे नासासाठी विमानाच्या सीटकरता बनवलेली वस्तू, तिला पाणीच चालत नाही, नुसतं पुसायचं आणि व्हॅक्यूम करायचं. "बघ, घ्यायला हवं होतं ना मशीन," हे ऐकावं लागलंच. आणि एक, रीलमधे सारखं दाखवतात ते बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणं, दिसतं भारी पण एक आम्ल आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना मारतात, उरतं खारट पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघांचा उपयोग आहे. फेसाला भुलायचं आपलं वय गेलं.

तर सगळं धुऊन झालं आणि वाळवायला जागा नाही. बाल्कनीत दोऱ्या, खुर्च्यांच्या पाठी, डायनिंग टेबल, सगळीकडे ओल्या उशा, घरात दमट वास. आईंनी ते पाहिलं आणि सरळ खाली जाऊन सेक्रेटरीकडून गच्चीची किल्ली घेऊन आल्या. काय सांगितलं त्यांना माहीत नाही, विचारलं तर म्हणाल्या, "म्हटलं त्याला, घट बसायचेत, तुझ्या आईला विचार." घट बसायच्या आधीचा रविवार होता, पावसाने उघडीप दिलेली, ऊन असं कडकडीत की डोळे मिटायला होत होते. आम्ही जुनी चादर टाकून उशा मांडल्या, फोम टाकीच्या सावलीत. आणि मग हळूहळू लिफ्टमधून माणसं यायला लागली. चौथ्या मजल्यावरची ती गुजराती वहिनी दोन लोड घेऊन, सहाव्यावरचा तो एकटा राहणारा मुलगा अख्खी गादी डोक्यावर घेऊन, आणि मग काकू, त्यांनी त्यांच्या उशा आणल्या त्या चादरीत गुंडाळून आणि वाळत घालतानाही वरून चादर घातलीच. पण वारा होता. चादर उडाली आणि मी पाहिलं, त्यांच्या उशा आमच्यापेक्षा कितीतरी पिवळ्या, नकाशेच्या नकाशे. मला जो आनंद झाला तो लिहायला नको होता पण झाला. त्यांनीही आमच्या उशांकडे पाहून घेतलंच असणार. मग त्या शेजारी येऊन बसल्या आणि आपोआपच त्यांच्या मिस्टरांच्या डोक्याला लावायच्या तेलावर बोलायला लागल्या. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, टेरेसवरील साहित्य कृपया तातडीने हटवावे, खाली हात जोडलेले. त्याला पहिला थम्स अप काकूंनी दिला, तिथेच माझ्या शेजारी बसून.

उरली आईंची उशी. आई मूळच्या अकोल्याकडच्या, त्यांच्या लग्नात आंदणात आलेल्या गादीउशांचा कापूस त्यांच्या वडिलांच्या शेतातला, म्हणजे माझ्या नवऱ्याहून वयाने मोठा. खोळ किती वेळा बदलली देव जाणे, आत कापूस तोच. ती उशी आता इतकी चपटी आणि जड झालेली की उचलताना मनगट दुखावं. मी हळूच म्हटलं आई, ही टाकून आता नवी रेक्रॉनची आणूया का, तर म्हणाल्या, "काहून टाकायची? कापूस मेलाय का?" पिंजारी तर आता दारावर येत नाहीत, स्टेशनच्या पलीकडे एक गादीवाला आहे, त्याच्याकडे पिंजायचं मशीन. जाताना आईंनी घरीच उशीचं वजन केलं, भाजीवाल्याकडच्या काट्यावर नाही, माझ्या बॅग मोजायच्या हुकाच्या काट्यावर. दुकानदाराने खोळ फाडून कापूस चिमटीत धरला, नाक मुरडलं, म्हणाला, "माताजी, इसमें कुछ नहीं बचा, नया डलवाओ." आई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या तू फक्त पिंज, आणि माझ्यासमोर पिंज. मशीन म्हणजे एक बंद पेटी, इकडून गठ्ठा घालायचा तिकडून फुलून येणार, मधे काय होतं दिसत नाही, म्हणून त्या दोन्हीकडे आलटून पालटून बघत होत्या की कापूस बदलत तर नाही ना. मशीनवरच्या पोराच्या तोंडाला रुमाल होता. मी त्याला विचारलं मास्क का नाही घालत, तर म्हणाला गरम होतं. मी अजून काही बोलणार तेवढ्यात आईंनी हुकाचा काटा बाहेर काढला आणि तूट का म्हणून दुकानदाराशी भांडायला लागल्या, मराठी हिंदी वऱ्हाडी सगळं एकत्र, आणि शेवटी त्यानेच पैसे कमी केले.

उशी घरी आली ती दुप्पट फुगून. तेलाचा वास गेलेला, दुकानाचा, जुटाच्या पोत्याचा वास. आईंनी त्या रात्री तिच्यावर डोकं ठेवलं आणि सकाळी मान धरून बसल्या. डॉक्टरांनी उंच उशी घ्यायची नाही सांगितलेलं आहेच. आता ती दबल्याशिवाय त्यांना वापरता यायची नाही आणि कोणीतरी तिच्यावर झोपल्याशिवाय ती दबायची नाही. नवऱ्याला त्याची नासाची उशी सोडवत नाही, पोरं तर हातही लावत नाहीत, म्हणजे ते काम माझ्याकडे. माझ्या धुतलेल्या फायबरवर सध्या आई मजेत झोपतात आणि मी त्या डोंगरावर, अर्धी बसून. रोज सकाळी चहाच्या वेळी विचारतात, "दबली का गं?" मी म्हणते थोडी. मग त्या स्वतः येऊन दोन्ही हातांनी दाबून बघतात आणि म्हणतात, "छे, अजून आठवडाभर झोप."